आतून लावलेला अडसर

माझं काम प्रश्न विचारायचं. जन्मताना मेंदूला इजा झाली आणि हातपाय आखडले, अशी अठ्ठावीस मुलं माझ्या वाट्याला होती, सात गावांत विखुरलेली. दर दोन महिन्यांनी मोटरसायकलवरून त्यांच्या घरी जायचं, आईला व्यायाम दाखवायचे आणि निघताना तक्ता उघडायचा. मूल स्वतःच्या हाताने खातं का? कपडे घालतं का? दारातून अंगणात येतं का? संडासला एकटं जातं का? प्रत्येक प्रश्नापुढे हो किंवा नाही लिहिण्यापुरती जागा.

बुयेम्बा गावच्या नैगागाकडे गेलं की माझ्या तक्त्यावर 'नाही'ची रांग लागायची. तिची मुलगी कागोया दहा वर्षांची. उभी केली की तिचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर यायचे आणि टाचा जमिनीला टेकायच्या नाहीत. त्यामुळे ती गुडघ्यांवर चालायची. गुडघ्यांची कातडी चपलेच्या तळासारखी निबर झाली होती. आमच्याकडे मुली मोठ्या माणसाला गुडघे टेकून नमस्कार करतात. शेजारची म्हातारी तिबाकुनो म्हणायची, "अख्ख्या गावात वळण असलेली एकच पोरगी आहे, कधी पाहा तेव्हा गुडघ्यांवरच." यावर कागोया पोट धरून हसायची. बोलायला तिला वेळ लागायचा. एकेक शब्द ओढून काढल्यासारखा यायचा, पण थांबून ऐकलं की सगळं कळायचं.

थांबून ऐकायला मात्र मला सवड नसायची. मी नैगागालाच विचारायची आणि ती लगेच उत्तर द्यायची. संडासला एकटी जाते का? नाही. दार उघडून बाहेर येते का? नाही. मी लिहून घ्यायची.

त्या 'नाही'मागे कारण होतं. कागोया सहा वर्षांची असताना एकदा गुडघ्यांवर रांगत संडासात गेली होती. आमचे संडास म्हणजे खोल खड्डा, वर ओंडके आणि मातीचा थर, मधे भोक. तोल जाऊन तिचा एक पाय मांडीपर्यंत त्या भोकात गेला. नैगागा तेव्हा शेतात रताळी खणत होती. पोर किती वेळ तशी अडकून ओरडत होती कोण जाणे. तेव्हापासून नैगागाने तिला तिकडे फिरकू दिलं नाही. सकाळी आणि संध्याकाळी स्वतः उचलून न्यायची, भोकावर धरायची, पुसून परत आणायची. मधल्या वेळेसाठी खोलीत एक जुना डबा ठेवलेला असायचा. तो संध्याकाळी बहुतेक कोरडाच सापडायचा. पोरगी दिवसभर दाबून धरते, तिला काही आजार तर नाही ना, असं नैगागाने मला दोनदा विचारलं होतं. तिला जास्त पाणी पाजा, असं मी सांगितलं होतं.

नवरा मोठ्या सरोवरातल्या बेटांवर मासेमारीला गेलेला. पूर्वी नाताळला सुके मासे घेऊन यायचा, गेले दोन नाताळ तेवढाही आला नव्हता. नैगागा दुसऱ्यांच्या शेतात राबायची आणि बाजाराच्या दिवशी रताळी विकायची. ती घरी नसताना मुलीकडे आजी बघते, असं ती सांगायची आणि तेही मी लिहून घेतलं होतं.

फेब्रुवारीतली गोष्ट. पाऊस थांबून दोन महिने झाले होते, वाऱ्याबरोबर धूळ उडत होती. चर्चच्या आवारातल्या फणसाखाली आयांची महिन्याची बैठक होती. अकरा बायका आल्या होत्या, बहुतेकींच्या पाठीवर नाहीतर मांडीवर पोर. नैगागा नेहमीसारखी एकटी. मी चमच्याच्या दांड्याला चिंध्या गुंडाळून तो जाड कसा करायचा, म्हणजे मुलाच्या मुठीत नीट बसतो, ते दाखवत होते. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, बालिकोवाने आपला ऊस पेटवलेला दिसतोय.

धुराचं कुणाला काही वाटलं नाही. आमच्या भागात जिकडे बघाल तिकडे ऊस, आणि तोडणीच्या आधी पाचट जाळणं नेहमीचंच. मी चमचा पुढच्या बाईकडे दिला. नैगागा मात्र उठून उभी राहिली होती. चर्चच्या पत्र्यापलीकडे, बुयेम्बाच्या दिशेला काळा धूर वर चढत होता आणि वारा त्याला आमच्याकडे नाही, उलट गावाकडे लोटत होता. तिने कमरेचा पट्टा सोडला, पुन्हा बांधला, पुन्हा सोडला. मग माझ्याजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाली, "ताई, मला घरी सोडता का? आत्ता."

मी म्हटलं, बैठक संपू दे, लोक विझवतील, आजी आहे ना घरी.

"आजी नाही," ती म्हणाली. "पावसाळ्यातच धाकट्या दिराकडे जिंजा शहरात गेली. कागोया एकटी आहे. बाहेरून कुलूप आहे."

तिने गळ्यात हात घालून दोरी बाहेर काढली. दोरीला किल्ली होती.

मी मोटरसायकल कशी सुरू केली ते मला आठवत नाही. नैगागा मागे बसली आणि तिने मला कमरेला इतकं घट्ट धरलं की श्वास अर्धाच आत जाई. बुयेम्बा तिथून पाच किलोमीटर. निम्म्या वाटेवर उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत चालला होता, आणि रस्ता इतका अरुंद की बाजूने काढायला जागा नव्हती. मी भोंगा वाजवत राहिले. ट्रॅक्टरवाल्याला वाटलं असेल, बाईला घाई आहे, होऊ दे. तो सावकाश चालला होता. मागून नैगागा माझ्या कानाशी बोलत होती, एकेक वाक्य, मधे काहीच नाही.

"तिच्याजवळ पाणी ठेवलंय."

"मागच्या दाराला आतून अडसर आहे. उंच आहे. तिचा हात नाही पोचत."

"मी तासाभरात परत जाणार होते."

आणि मग, "ती घाबरली की तिचं अंग ताठ होतं, ताई. मग तिला हलताच येत नाही."

शेवटी मी मोटरसायकल शेताच्या बांधावर घातली आणि भुईमुगातून ट्रॉल्यांच्या पुढे काढली. कुणाचं शेत होतं ते बघितलंही नाही.

गावात पोचलो तेव्हा वीसेक माणसं रस्त्याच्या कडेला होती. केळीची ओली पानं घेऊन ती आग झोडपत होती, ती रस्ता ओलांडून पलीकडच्या वस्तीवर जाऊ नये म्हणून. नैगागाचं घर अलीकडे, उसाला लागून. तिथे कुणीच नव्हतं. जायचं कशाला? दाराला बाहेरून कुलूप, म्हणजे घरात माणूस नाही, असंच कुणीही समजेल. म्हातारी तिबाकुनो आम्हाला बघून ओरडून सांगत होती की बरं झालं तुम्ही घरी नव्हता. नैगागा तिच्याकडे न बघता धावली.

घराचं छप्पर पत्र्याचं, म्हणून ते उभं होतं. बाजूच्या स्वयंपाकाच्या झोपडीचं गवत जळून खाली आलं होतं. पुढच्या दाराचं लाकूड गरम झालं होतं. नैगागाने किल्ली काढली, पण ती कुलपात जाईना. मी ती तिच्या हातातून घ्यायला गेले, तर ती देईना. शेवटी दोघींनी मिळून ती आत घातली आणि फिरवली.

आत धूर कोंडला होता. डोळे चुरचुरायला लागले. खोली एकच. आडवा पडदा, चटई, पाण्याचा डबा, भांड्यांची टोपली. मी चटईवर हात फिरवला, पडद्यामागे गेले, खाटेखाली हात घातला. कागोया नव्हती. नैगागा खोलीच्या मधोमध उभी राहून मुलीला हाक मारत होती आणि मागचं दार सताड उघडं होतं.

अडसर जमिनीवर पडला होता.

माझ्या मनात आधी आलं ते कुणा परक्या माणसाचं. दहा वर्षांची मुलगी, घरात एकटी, हे कुणीतरी हेरून ठेवलं असेल. नैगागाच्याही मनात तेच आलं असणार, कारण तिचा चेहरा एकदम राखेसारखा झाला. पण दुसऱ्याच क्षणी तिने मागच्या दारातून बाहेर बघितलं आणि तिची नजर संडासाकडे गेली.

संडासाचा गवताचा आडोसा जळून गेला होता. भोवतीचा ऊसही जळून काळे खुंट उरले होते. मधे नुसता तो मातीचा चौथरा आणि त्यातलं भोक. नैगागा तिथपर्यंत गेली. गुडघ्यांवर बसली. दोन्ही हात चौथऱ्यावर टेकले आणि भोकात तोंड घालून हाक मारली. मी तिच्या मागे चार पावलांवर उभी होते. आतून काहीच आवाज आला नाही. तिने पुन्हा हाक मारली. मग ती मला म्हणाली, काठी आणा, लांब काठी. मी काठी शोधायला वळले, तेव्हा मला जमिनीवरचा माग दिसला.

राखेत माग उरला नसता. पण घर आणि संडास यांच्यामधली वाट मऊ धुळीची होती आणि तिच्यावर दोन समांतर चर उमटले होते, गुडघ्यांचे. मधेमधे हाताचे पंजे. आजचेच नाही, जुनेही होते, एकावर एक, रोज वापरून झालेल्या पायवाटेसारखे. ते संडासापर्यंत आले होते, आणि एक ताजा माग तिथून वळून रताळ्याच्या शेताकडे गेला होता.

मी नैगागाला हाक मारली. ती उठली आणि तिने माग बघितला, पण तिला त्याचा अर्थ लागत नव्हता. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "हे कुणाचे?"

रताळ्याच्या शेतात वेल हिरवे होते, मातीचे ढीग उंच, ढिगांमधल्या चरांत अजून ओल धरलेली. आग तिथे थांबली होती. कागोया आत बरीच दूर, शेवटच्या दोन ढिगांच्या मधे पालथी पडली होती. वेल अंगावर ओढून घेतले होते. आम्हाला आधी तिच्या पायाचा तळवा दिसला. तो हलला.

नैगागाने तिला उलटं केलं. चेहरा मातीने आणि काजळीने भरलेला, कोपर सोलून निघालेलं, पण डोळे उघडे. इतका वेळ आई हाका मारत होती, त्या सगळ्या तिने ऐकल्या होत्या, आणि ती गप्प राहिली होती. नैगागाने तिच्या पाठीत एक धपाटा घातला. मग तिला पोटाशी धरून ती त्या ओल्या मातीत बसली आणि तिच्या तोंडातून एक बारीक आवाज येत राहिला, रडण्यासारखा नव्हता तो. कागोयाचं अंग लाकडासारखं ताठ झालं होतं. मी तिचे गुडघे वाकवून हळूहळू हलवत बसले, तेव्हा कुठे ते सैल पडले.

बोलता यायला लागल्यावर तिचा पहिला प्रश्न होता, "मारणार?"

नैगागा म्हणाली, "ओ का दिली नाहीस?"

"अडसर. काढला. म्हणून."

तिने सगळं सांगायला बराच वेळ घेतला, आणि त्या दिवशी आम्ही दोघी थांबलो. आजी जिंजाला गेल्यापासून, म्हणजे पाच महिने, ती रोज मागच्या दाराने बाहेर जात होती. अडसरापर्यंत हात पोचत नव्हता, म्हणून ती कुदळ उलटी धरून, तिच्या दांड्याने अडसर खालून ढोसून काढायची. मग गुडघ्यांवर संडासापर्यंत. चौथऱ्यावर ती भोकाकडे तोंड करून जायची नाही, पाठ करून मागे सरकत जायची, दोन्ही हात पुढे टेकून, म्हणजे पाय आत गेला तरी हात बाहेर राहतील. सहा वर्षांची असताना पडली, त्यातून तिने हे शिकून घेतलं होतं. काम झालं की केळीच्या पानाने पुसायचं, परत यायचं. काढण्यापेक्षा अडसर परत लावणं अवघड होतं. दांड्याच्या टोकावर तो तोलून वर न्यायचा, आणि दहातल्या नऊ वेळा तो डोक्यावर पडायचा. आई यायच्या आत लावून व्हायला हवा, या धाकाने तिला दुपारभर दुसरं काही सुचत नसे.

आज ती संडासात असतानाच ऊस पेटला होता.

मी तिला विचारलं, इतके महिने मला का नाही सांगितलंस. मी तर येऊन विचारत होते.

तिने माझ्याकडे बघितलं. "तुम्ही. आईला. विचारत होता."

घर आतून बंद राहिलं असतं तर काय झालं असतं, हे नैगागाला कळत होतं, आणि मुलगी रोज त्या भोकाशी एकटी जात होती हेही. यातलं कोणतं आधी मनात घ्यावं हे तिला ठरवता येत नव्हतं. ती नुसती मुलीच्या डोक्यावर हात फिरवत होती. केसांत दोन टेंगळं होती. ती तिने रोज आंघोळीच्या वेळी बघितली होती आणि पोर झोपेत भिंतीवर आपटते, असं समजली होती.

संध्याकाळी गावचा चेअरमन मुगोया आला. जळालेली झोपडी बघून झाल्यावर तो नैगागाला म्हणाला की लेकराला कोंडणं हा गुन्हा आहे, मला पोलिसांना कळवावं लागेल. म्हातारी तिबाकुनो अंगणात बसली होती. ती म्हणाली, "कळवा की. आले म्हणजे त्यांनाच विचारू, ही शेतावर गेली की पोर कुणी सांभाळायची. का तुम्ही सांभाळता? तुमच्याकडे माणसं पुष्कळ आहेत." मुगोयाने टोपी काढली, परत घातली आणि बोलणं स्वयंपाकाच्या झोपडीच्या छपराकडे वळवलं. त्याने नंतर गवताच्या चार मोळ्या पाठवल्या, ते मात्र मला सांगितलं पाहिजे.

पुढच्या बैठकीला नैगागा येईल असं मला वाटलं नव्हतं. ती आली, आणि कागोयाला पाठीवर बांधून आली, दहा वर्षांची पोर, लांब पाय दोन्ही बाजूंना लोंबत होते. फणसाखाली बसल्यावर तिने स्वतःच सगळं सांगितलं, खाली मान घालून. मला वाटलं, आता हिला बोलणी बसणार. तेवढ्यात नामवासे नावाची एक बाई, तिचा मुलगा सात वर्षांचा, म्हणाली, "मी पण लावते कुलूप." मग आणखी एक म्हणाली. तिसरीने गळ्यातली दोरी बाहेर काढून दाखवली. अकरा बायकांत चौघी. या सगळ्यांच्या तक्त्यांवर मी 'आजी बघते', 'मावशी बघते' असं लिहिलेलं होतं.

त्यानंतर आम्ही काही गोष्टी केल्या. सगळ्या जमल्या असं नाही. त्या चौघींपैकी दोघी एकाच गावच्या, त्यांनी वार वाटून घेतले, एक शेतावर गेली की दुसरीकडे दोन्ही मुलं. तिसरीच्या नवऱ्याने तिला बैठकीलाच येऊ दिलं नाही पुढे. नैगागाकडे आम्ही घरापासून दहा पावलांवर नवीन संडास खणला, भोकावर लाकडी बैठक बसवली आणि दोन्ही बाजूंना पकडायला बांबू रोवले. बांबू किती उंच असावेत, ते कागोयाने स्वतः धरून दाखवलं. सुताराने पहिल्यांदा बसवले ते तिने नापास केले. मागच्या दाराचा अडसर खाली, तिच्या खांद्याच्या उंचीवर आणला. आता ती एकटी असली की तो आतून लावते, ओळखीचा आवाज आला की काढते.

नैगागा यामुळे निर्धास्त झाली असेल तर मला माहीत नाही. शेतावर असली की ती दर तासाला घरी एक फेरी मारते, आणि जिच्या शेतात राबते ती बाई त्यावरून कुरकुरते. एकदा ती मला म्हणाली, "ताई, कुलूप होतं तेव्हा माझी काळजी एका जागी असायची. आता ती पोरीच्या मागे मागे फिरते." कागोया संडासला निघाली की नैगागा केळीच्या बुंध्याआड उभी राहते. कागोयाला ते माहीत आहे. ती आतूनच ओरडते, "आई. जा."

एप्रिलमध्ये मी नवा तक्ता घेऊन गेले. या वेळी मी जमिनीवर, कागोयाच्या समोर बसले आणि नैगागाला म्हटलं, तू मधे बोलायचं नाही. ती सुपात भुईमूग घेऊन कडेला बसली. दीड तास लागला. हाताने खाते का? उकडलेलं रताळं हो, शेंगदाण्याची आमटी सांडते. कपडे? डोक्यातून घालते, बटणं नाही. तोंड धुते. पाय धुते. पाठ नाही पोचत. नैगागा अधूनमधून तोंड उघडायची आणि परत मिटायची.

मग मी विचारलं, रस्ता एकटी ओलांडते का? शाळा रस्त्याच्या पलीकडे आहे, आणि त्या रस्त्यावरून दिवसभर उसाचे ट्रक धावतात.

"हो," कागोया म्हणाली.

सूप थांबलं. "कधी ओलांडलास?" नैगागाने विचारलं.

कागोयाने रस्त्याच्या दिशेला बघितलं. मला वाटलं शब्द येत नाहीत. मग म्हणाली, "अजून नाही. पण. लिहा."

मी ती जागा कोरी ठेवली.

पुढचं मला तिबाकुनोने सांगितलं. त्यानंतरच्या सोमवारी सकाळी नैगागा मुलीला तिच्या गुडघ्यांच्या चालीने, मधे कुठेही न उचलता, रस्त्यापर्यंत घेऊन गेली. त्यातच तासभर गेला. मग दोघी कडेच्या गवतात बसल्या, आणि ट्रक कुठून येतो, किती लांबून ऐकू येतो, धूळ खाली बसायला किती वेळ लागतो, ते बघत राहिल्या. पलीकडे शाळेची घंटा झाली, मुलं बाहेर आली, परत आत गेली. दुपारी ऊन चढल्यावर त्या न ओलांडताच घरी आल्या. मंगळवारी परत गेल्या.